रुळातली आंबील

परवा मी का ओरडलो त्याचं मूळ पुसताव तर सांगतो, पन मधी मधी तोडू नका, धागा तुटला की मी पुन्यांदा पहिल्यापासून सांगतो आन् मग तुमचाच वखत जातो. आमचं गाव जळकोटच्या पल्याड. घर लिंगायताचं, कपाळाला विभूती, पन दुकान न्हाई, पेढी न्हाई, वडील पत्र्याचे कारागीर. कुनाचं छप्पर उडालं, कुनाची पन्हाळ गळाली, की बोलवा बसवंतच्या, म्हंजी माझ्या, बापाला. मी पत्र्यावरच वाढलो. या पोराला पत्र्यावर चालता येतंय, जमिनीवर चालायचं तेवढं शिकवा, असं आमची अव्वा म्हनायची. अव्वा म्हंजी माझी आई, आमच्याकडं आईला अव्वाच म्हनतेत.

तर त्या टायमाला लातूर जिल्हा झालेला नव्हता, आम्ही समदे उस्मानाबादेत. तिकडच्या एका धर्मादाय मंडळानं डोळ्याचा फिरता दवाखाना काढला. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली आन् त्या खोलीच्या बाजूला एक खण, आपल्या टेबलाला असतो तसा, पन मानूस मावंल एवढा. हँडल फिरवलं की भिताडासकट बाहेर सरकायचा, त्यात ऑपरेशनचं टेबल. गाडी उभी राहिली आन् खण बाहेर आला की पोट आल्यावानी दिसायची, म्हनून लोकं तिला गाभन गाडी म्हनायचे. मला लई राग यायचा. म्हनायचो, अरे डोळ्याचा दवाखाना हाय, जरा मानानं नाव घ्या. कोन ऐकतंय? बायका तर म्हनायच्या, कितवा म्हैना हाय बसू तुझ्या गाडीला.

माझं काम त्या गाडीचं छप्पर आन् तो खण सांभाळायचं. ऐकून सोपं वाटतंय, हाव ना? सगळ्यांनाच वाटायचं. काय सांगू तुम्हाला, मानसं शिडी न धरता वर चढायची, चपला घालून चढायची, आन् बरोबर मधोमध जाऊन उभी राहायची, जिथं पत्र्याखाली आधाराची पट्टीच न्हाई. छपरावर फळी टाकायची, फळी पट्ट्यावर बसली पायजे, आन् गुडघ्यावर जायचं. खाली एकानं शिडी धरून उभं राहायचं, त्यानं तंबाखू मळायची न्हाई, दोन्ही हातानं शिडी धरायची. सकाळी दंव असताना चढायचं न्हाई. आधी कोरड्या कुंच्यानं धूळ काढायची, मग ओलं फडकं पिळून पुसायचं, मग सांधे बघायचे, त्यात भरलेली लांबी, म्हंजी पुट्टी, कुठं उकललीय का. खण आत ओढायच्या आधी त्याच्या टपावरला पालापाचोळा झाडायचा, न्हाईतर तो आत जाऊन अडकतो. खणाच्या कडंच्या रबराला तोंडाला लावायची पावडर लावायची. आन् खण ज्याच्यावर सरकतो त्या रुळाला तेल लावायचं न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई. तेलावर धूळ बसती. हे मी ड्रायव्हर खाजाभाईला किती बार सांगितलं, तो म्हनायचा, अरे बसू, लोहा है, तेल नको तो क्या दूध पिलाऊँ इसकू. आता अशा मानसाला काय बोलायचं.

तर त्या वर्षी दुष्काळ. पाऊस असा गेला की खरिपाचं सोडा, रब्बीची जवारी पेरलीच न्हाई कुनी. पान्याचा टँकर एक दिवसाआड. अव्वाला दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. दिवाळीच्या फेरीत तिचा एक डोळा ह्याच गाडीत झाला, झाड दिसाया लागलं, मानूस दिसाया लागला. मला बघून म्हनली, बसू, तू एवढा काळा हायस व्हय रं. दुसरा डोळा पुढच्या फेरीत करू, डाक्टर म्हनले. ते चांगले मानूस, बोलायचे कमी. ती फेरी आली नेमकी येळवशीला.

येळवस तुम्हाला ठावं असंल. येळ अमावस्या. समदं गाव शेतात, कडब्याची खोप, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आन् मडक्यात आंबील, म्हंजी ताकात जवारीचं पीठ घालून आंबवलेलं. जेवायच्या आधी ती आंबील पिकाभवती शिंपडायची, ओलगे ओलगे सालम पलगे म्हनत. पन त्या वर्षी शिवारात पीकच न्हाई. मग शिंपडायची कशाभवती? आमची अव्वा बायकांना म्हनली, यंदा आपलं रान काय पिकलं न्हाई, पिकली ती ही गाडी. हिनं डोळे दिले. चला.

मी तवा बैलगाडी घेऊन दवाखान्यासाठी पानी आनाया गेलो होतो. गावात गाडी उभी, खण बाहेर, खाजाभाई सावलीला झोपलेला. अव्वा पुढं, मागं समद्या बायका, कडुलिंबाचा डहाळा आंबिलीत बुडवून गाडीभवती फेरी. नुसती फेरी मारली असती तर म्या हातच जोडले असते. पन न्हाई. टपावर उडवली, खणावर उडवली, उरलेली अव्वानं खणाच्या पोटाखाली रुळावर ओतली. गाभन हाय ना, म्हनं, तिला पाजाया पायजे. मी यायच्या आत खाजाभाई उठला आन् त्यानं खण आत ओढून ठेवला.

आता जवारीच्या पिठाचं काय होतं वाळल्यावर, ते कुन्याही पतंग चिकटवनाऱ्या पोराला पुसा. त्याची घट्ट खळ बनती. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी, दारात लांब लांबच्या गावची मानसं उपाशीपोटी बसलेली, अव्वा बी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आन् हँडल फिरंना. छपरावर कावळे, आंबिलीपायी सांध्यातली लांबी टोचून राहिलेले. मी खाली वाकून बघतो तर रुळात पांढरी वाळलेली खळ आन् मुंग्याची रांग. खाजाभाई हटू हटू म्हनत आला आन् त्यानं सगळा जोर लावला. एक बाजू बाहेर, एक आतच. खण तिरपा. ना बाहेर, ना आत. डाक्टर बघून म्हनले, टेबल सपाट न्हाई तर मी डोळ्याला हात लावनार न्हाई. बरोबरच होतं त्यांचं.

म्या अव्वाला म्हनलं, अव्वा, हे काय करून बसलीस. लई बोललो तिला, समद्या गावासमोर. ती म्हनली, देवाला दिलेलं कधी अडकतं का रं? म्हनलं, देवाला न्हाई गं, रुळाला दिलंस तू.

ती खळ खरवडून निघनार न्हाई, रूळ खराब होतो. तिला गरम पानीच पायजे. आन् पानी कुठंय? दवाखान्याचं पानी हात धुवाया, हत्यारं उकळाया, त्याला शिवता येत न्हाई. टँकर दुसऱ्या दिवशी. मी गाडीखाली उताना पडून शिव्या घालून राहिलो, तर कानाजवळ चरवी ठेवल्याचा आवाज आला. अव्वा. घरात प्यायचं जेवढं होतं तेवढं घेऊन आली, तापवून. तिच्या मागं दुसरी, तिसरी. कुनी तांब्या, कुनी घागर. कुरकुर करत, पन आनलं. मी फडकं भिजवायचो, रुळाला दाबून धरायचो, मऊ झालं की पट्टीला चिंधी गुंडाळून काढायचो. तोंडावर समदी आंबटघान गळायली. दुपार कलल्यावर खण सरळ बाहेर आला.

पन दिवस तर गेला. डाक्टर म्हनले, उजेड हाय तवर जेवढे होतील तेवढे करतो, उद्या गाडी दुसऱ्या गावाला लागनार. कोन आधी? मी अव्वाला खुनावलं, तू पुढं हो, माझी आई हायस, कोन काय म्हनतंय. तर ती उठून मागं जाऊन बसली. म्हनली, परगावचे पाव्हने हायत. येळवशीला पाव्हन्याच्या आधी घरचं मानूस जेवतं व्हय? अमावस्या काल झाली गं अव्वा, म्या म्हनलं. तिनं ऐकलंच न्हाई. पाव्हन्याचे डोळे झाले. उजेड सरला. आमच्या गावचे राहिले, पुढच्या फेरीत करू म्हनले.

पुढची फेरी कुठली. पावसाळ्यात लातूर जिल्हा नवा झाला, गावात साखर वाटली, आन् मंडळानं ठरवलं की गाडी आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातच फिरवायची. गाडी तिकडं, आम्ही इकडं. माझं काम बी गेलं. अव्वाला म्हनलं, उदगीरला नेतो दवाखान्यात. न्हाई म्हनली. एका डोळ्यानं दिसतंय तेवढं बास हाय, दुसरा पाव्हन्याला गेला. तशीच मेली. मला अजून राग येतो तिचा. कुनाला सांगू?

आता लातूरच्या एका पोरानं फिरायची घरगाडी घेतलीय, भाड्यानं देतो, तिला बी बाजूला सरकता खण हाय. छप्पर पुसाया, रूळ बघाया मला बोलवतो. आता मी वर चढत न्हाई, खाली शिडी धरतो, दोन्ही हातानं, आन् वरच्याला बोलत राहतो. परवाच्या येळवशीला त्यानं गाडी शेतात आनली, जवारी ह्या वर्षी उरापर्यंत. त्याची बायको आंबिलीचं मडकं घेऊन गाडीकडं निघाली. मी असा ओरडलो की ती जागीच थांबली. बिचारी भ्याली. मग मीच तिच्या हातातला डहाळा घेतला, खणापासून लांब उभा राहिलो आन् पुढच्या चाकावर तेवढी शिंपडली. ओलगे ओलगे. चाकावर काय अडकत न्हाई. अव्वा, तुला कितींदा सांगायचं, चाकावर शिंपडायची.