कुणाच्या लग्नाची पत्रिका

ह्या मोबाईलनं माझं डोकं लई खाल्लं बघा. नातीची दुसऱ्या दिवशी परीक्षा, अन् हॉल तिकीट काढाया गेलं की ब्राउझर आपोआप बंद पडायचा. सकाळधरनं धा येळा तेच. शेवटी कंधारला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं नेला.

त्यानं इचारलं, "काका, ह्याच्यात काय उघडलं होतं?"

"गावाच्या ग्रुपवर लग्नाची पत्रिका आलती, ती."

"कुणाच्या लग्नाची?"

"मला काय म्हाईत?"

"मग उघडली कशाला?"

"आलेली पत्रिका बघायची बी न्हाई का? लोक नावं ठेवतेत."

"पत्रिका कसली काका, व्हायरसचं अ‍ॅप दिसतंय हे," म्हणत त्यानं ते काढून टाकलं. ब्राउझर चालला, हॉल तिकीट निघालं. मी उठलो तर म्हणतो कसा, "ह्यानं तुमच्या नंबरवरनं समद्यांना पत्रिका पाठवलीय."

तेवढ्यात औशाहून थोरल्या बहिणीचा फोन. "सख्ख्या बहिणीला मोबाईलवर पत्रिका धाडतोस व्हय रे? अक्षता घेऊन दारात याया पाय मोडले का तुझे?"

लग्न कुणाचं, हे तिनं बी इचारलं न्हाई.