इमरतीच्या मोहिमेवरचा हीरो

आमच्या सुरेशला कमी समजू नका. पन्नाशी उलटली, तरी जुने कॉमिक्स अजून पेटीत जपून ठेवलेत. मुखवटेवाला हीरो, सोबत त्याचा पोरसवदा चेला, अन् दोघं मिळून गुंडांना लोळवतात.

सुरेशला शुगर निघाली, तसं वहिनींनी गुलमंडीवरच्या मिठाईवाल्याला बजावलं, "यांना इमरती द्यायची नाय." मग सुरेशनं काय करावं? भर मे महिन्यात दुपारी तोंडाला रुमाल गुंडाळला, गॉगल चढवला, शाळकरी पोरीलाही स्कार्फ बांधून स्कूटीवर मागं बसवलं. म्हणे, "उन्हात सगळं गावच तोंड झाकून फिरतंय. आपल्याला कोण ओळखतंय?"

दुकानात लई घोगरा आवाज काढून म्हणाला, "पाव किलो इमरती."

मिठाईवाला हसला. "सुरेशभाऊ, वहिनींचा आत्ताच फोन आलता. नाय देता येत."

सुरेशनं वळून बघितलं. पोरगी मोबाइल खिशात घालत होती.

"अगं, कॉमिक्समधला चेला मरंल, पण फितूर होणार नाय!"

पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तो अनाथ असतो. मला घरी मम्मी आहे."