खिडकीचा पडदा

आमच्या सुनेला, उर्मिलेला, एसीचं बटण सारखं फिरवायची खोड. म्हणून तो पाच मिनिटं चालून बंद पडतो, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. शारजातल्या रोल्ला भागातल्या दवाखान्यात तिच्याच शेजारी नंबराची वाट बघत बसले होते, तर मागच्या बाकावर मराठी ऐकू आलं. एक आवाज ओळखीचा, गेल्या आठवड्यात आमचा एसी बघून गेलेल्या दत्तारामचा.

"बिघाड कसला, गणू? म्हातारीनं खिडकीतल्या एसीवर जाड पडदा सोडलाय. गार वारा त्यावर आपटून उलटा थर्मोस्टॅटवर येतो. त्याला वाटतं, खोली गार झाली. खलास, बंद!"

"आणि खोली?"

"भट्टी."

"मग सांगायचंस की."

"सून तिथंच उभी होती. म्हातारी माझ्यासमोर तिला वाट्टेल ते बोलत होती. सुनेदेखत म्हातारीला खाली बघायला लावू? गुपचूप पडदा सरकवला, म्हटलं, थर्मोस्टॅट साफ केलाय."

"शाबास! म्हातारीची लाज राखलीस. आणि सुनेची?"

"बिचारी रे ती. मला चहा दिला तिनं."

"म्हातारीनं पडदा परत ओढला असेल."

"नसेल, इन्शाल्ला."

मी तो त्याच दुपारी ओढला होता. उर्मिला हातातल्या नंबराच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मागं वळायची माझी छाती झाली नाही.

"उर्मिला," मी मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पडदा मी लावला आणि बोल तुला लावला. आता तो पडदा तुझ्या हातानं काढ. बिल्डिंगला मी सांगते."