अजगरावरचे निर्बंध

नाही, पण मला सांगा, अमेरिकेत शिकायला येऊन भाड्याच्या घरात अजगर कोण पाळतं? आमची रूममेट उल्का पाळते! विचारलं तर म्हणते, "अगं, तो काही करत नाही. नुसता असतो." नुसता असतो! तुम्हाला सांगते, टोस्टरमधून ब्रेड टक् करून उडाला तरी मी किंचाळते, आणि इथे माझ्या भिंतीपलीकडे सहा फुटी अजगर नुसता असतो! घरमालकाला सांगावं, तर लीज चौघींच्या नावावर... ऐन थंडीत चौघीही रस्त्यावर!

मग आम्ही तिघींनी, म्हणजे मी, शिवांगी आणि आश्लेषाने, निर्बंध लादले. आयडिया माझीच. अण्वस्त्रवाल्या देशांवरचे निर्बंध कालांतराने ढिले का पडतात, हा माझा सेमिनारचा विषय ना! तर अजगर जाईपर्यंत उल्काशी बोलायचं नाही, आपल्यातलं जेवण द्यायचं नाही, वायफायचा पासवर्ड बदलायचा. शपथा घेतल्या हो!

आणि तूरडाळ संपली. इंडियन स्टोअर लांब, गाडी एकट्या उल्काकडे. शिवांगी गुपचूप तिच्या गाडीत! वर मलाच, "यार, तत्त्व वेगळं, डाळ वेगळी." मग आश्लेषाने उल्काला नवा पासवर्ड सांगून टाकला, का, तर उल्का तिला स्टॅटिस्टिक्स शिकवते. "आणि सवय झाली गं आता त्याची. झोपला की गोड दिसतो." गोड?! निर्बंध गेले, अजगर मात्र घरातच!

उरले मी. प्रोफेसरबाईंना म्हटलं, बाकीचे स्वार्थी असतात म्हणून निर्बंध ढिले पडतात. त्या म्हणाल्या, "आणि ज्याला काहीच स्वार्थ नसतो, तो का ढिला पडतो?" मला काय माहीत!

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कळलं. त्या दोघी न्यू जर्सीला शिवांगीच्या मामाकडे, उल्का फ्लूने आडवी, आणि अजगर मात्र घरातच! दाराआडून क्षीण आवाज आला, "त्याचे उंदीर संपलेत गं. तू बोलत नाहीस, माहितीये. फक्त सांगून ठेवते... भूक लागली की तो काचपेटीचं झाकण ढकलतो."

झाकण ढकलतो!!

अहो, जेवलेला अजगर परवडला, उपाशी नको! तशीच धावत सुटले, कॅम्पसची बस पकडली, प्राण्यांचं दुकान गाठलं. दुकानदार विचारतो, गोठवलेले उंदीर छोटे हवेत की मोठे? मोठे घेतले... अर्धपोटी राहिला तर?

पण तत्त्वाला मी पक्की हं! उल्काशी अजूनही बोलत नाही. उंदीर दाराशी ठेवते, टकटक करते, आणि पळते.