खालची अक्षरं

वहिनी: त्या पत्राचं पाकीट कुठल्या रंगाचं होतं, भाऊजी?

भाऊजी: कुठल्या पत्राचं?

वहिनी: ‘वजनकाटा’ चित्रपटातल्या. हायवेवर ट्रकांचं वजन करणारी ती बाई. तिचा नवरा बोटीवर नोकरीला जातो आणि तिथून तिला पत्र पाठवतो. गेल्या आठवड्यात तुम्हीच वाचून दाखवलंत मला, इथेच, या टीव्हीसमोर.

भाऊजी: हां, ते होय. निळं असावं. वहिनी, मी जरा खाली दुकानात जाऊन येतो. एक कोट अस्तरापाशी येऊन अडलाय.

वहिनी: अस्तर कुठे पळून जात नाही. थांबा. रविवारी मी मंडळात गेले होते.

भाऊजी: दातांच्या दवाखान्यात.

वहिनी: रविवारी तो दवाखाना नसतो. खुर्च्या गोल मांडल्या की फिल्म मंडळ होतं. ‘वजनकाटा’वर चर्चा होती आणि पहिली उठले मी. पार्सलच्या प्रसंगावर वीस मिनिटं बोलले. ती नवऱ्याचे शर्ट एकेक करून घडी घालते, खोक्यात भरते, दोरीने बांधते. दूरदेशी थंडीत राहणाऱ्या माणसासाठी केवढी माया, असं म्हणाले.

भाऊजी: चांगलं बोललात की.

वहिनी: मग औषधांच्या दुकानातल्या ताई हळूच म्हणाल्या, बाई, नवरा तर निम्म्यातच जातो. बोटीवर नाही, वर.

भाऊजी: त्या ताईंचं काय, गल्ल्यावर बसून एक डोळा गिऱ्हाइकाकडे...

वहिनी: त्यांनी तीनदा पाहिलाय.

भाऊजी: मग तुम्ही काय केलंत?

वहिनी: काय करणार. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. आपली चूक निघाली की प्रश्न समोरच्याला विचारायचा. मी म्हटलं, प्रेत पाहिलंत का तुम्ही? ते दाखवलेलंच नाही म्हणे.

भाऊजी: नाहीच दाखवलेलं. म्हणजे निभावलं.

वहिनी: निभावलं कसलं. दोन तास भांडणं झाली. अर्धे म्हणतात मेला, अर्धे म्हणतात बोटीवर आहे. पोस्टातले काका म्हणाले की त्यांना पहिल्या दृश्यापासूनच समुद्राचा वास येत होता.

भाऊजी: तुम्ही हसताय, वहिनी.

वहिनी: मी हसत नाहीये. आता सांगा, आणखी कुठे कुठे कात्री चालवलीत?

भाऊजी: कुठेच नाही. चित्राखालचं ते इंग्रजी पळत असतं हो. खालची एक ओळ मी मराठीत आणेपर्यंत वर तिघंजण बोलून मोकळे होतात. मग थोडं इकडचं तिकडे जोडावं लागतं.

वहिनी: त्याआधीचा तो मेंढपाळांचा. त्यात अकरा मिनिटं कोणी चकार शब्द बोलत नाही, असं ताई म्हणाल्या. मी तर अकरा मिनिटं गप्पा ऐकल्या.

भाऊजी: ती शेजारीण बोलत होती. दारातून.

वहिनी: ती मुकी आहे.

भाऊजी: दिसायला बोलकी होती.

वहिनी: आणि गेल्या चार चित्रपटांत चार देशांतली माणसं, अन् प्रत्येकाचा कोट खांद्यात तंग. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

भाऊजी: त्या पाद्र्याचा खरोखरच तंग होता. ज्याने ती बाही लावली त्याला मी माझ्या मशीनला हात लावू देणार नाही.

वहिनी: भाऊजी, माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं. भिंत दिसते, माणूस आला-गेला कळतो. पण त्याचा चेहरा दिसत नाही आणि अक्षर तर नाहीच. तुम्ही जेवढं वाचाल तेवढाच माझा चित्रपट.

भाऊजी: मग मंडळाला तसं सांगून टाका ना एकदा.

वहिनी: अजिबात नाही. कळलं की पुढच्या रविवारपासून माझ्या सोयीचे चित्रपट लावतील. माझ्याशी हळू आवाजात बोलतील, मी काहीही म्हटलं तरी मान डोलावतील. मला त्यांच्याशी भांडायचंय.

(दारावरची बेल वाजते.)

भाऊजी: भिंगातून दिसतायत. तुमचे मंडळवाले डॉक्टर आहेत. अंगावर ॲप्रन तसाच.

वहिनी: उघडा. पण दातांचा डॉक्टर असला तरी त्याच्यासमोर तुम्ही तोंड उघडायचं नाही.

डॉक्टर: बाई, दहाच मिनिटं आहेत. पेशंटला भूल देऊन आलोय.

वहिनी: आणि तो एकटाच बसलाय?

डॉक्टर: बायको आहे ना तिथे. खरी चांगली डॉक्टर तीच आहे, मी बाहेर गेलो की पेशंटला बरंच वाटतं. बाई, मी सकाळी पुन्हा पाहिला. म्हणजे काय सांगू तुम्हाला. तुमचंच बरोबर आहे. त्या दोरीच्या गाठी बघा. तीन गाठी मारते ती, खोक्यावर गुडघा टेकवून आवळते. गेलेल्या माणसाच्या कपड्यांना कोण इतक्या घट्ट गाठी मारतं?

वहिनी: मारतात.

डॉक्टर: अं?

वहिनी: काही नाही. तू बोल.

डॉक्टर: मास्तर, तुम्हीही पाहिलात ना बाईंबरोबर? तुमचं काय मत?

भाऊजी: मी आपला शिंपी माणूस.

डॉक्टर: शिंप्यालाच विचारतोय. पार्सल कपड्यांचं आहे.

भाऊजी: माझ्या मते तो बोटीवर आहे. सुखात आहे.

वहिनी: भाऊजी.

भाऊजी: असंही एक मत असू शकतं.

डॉक्टर: बघा. म्हणूनच मी पत्र लिहिलंय, थेट दिग्दर्शिकेला. म्हटलं, तुमच्या चित्रपटातला नवरा जिवंत आहे आणि ते तुम्हालाच माहीत नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. औषधांच्या ताईंनीसुद्धा केलीये, खाली ‘मत वेगळं आहे’ असं लिहून. आता फक्त तुमची राहिली. हे धरा. वाचा आणि सही करा.

वहिनी: आत्ता?

डॉक्टर: एकच पान आहे.

वहिनी: माझा चष्मा कुठे गेला बघते.

डॉक्टर: डोळ्यांवरच आहे, बाई.

भाऊजी: द्या इकडे. मी मोठ्याने वाचतो, पत्र कसं ऐकायलाच बरं वाटतं. ‘आदरणीय दिग्दर्शिका बाईंना नमस्कार. आपला चित्रपट पाहिला. छान आहे. इकडे सगळे मजेत. कळावे.’

डॉक्टर: मास्तर, असं कुठे लिहिलंय?

भाऊजी: थोडक्यात सांगितलं.

डॉक्टर: त्यात बाईंच्या मतावर अख्खा परिच्छेद आहे. त्यांचं नाव आहे दोनदा.

भाऊजी: तिथे शाई जरा फिकट आहे.

डॉक्टर: ते छापलेलं आहे. आणि बाई, मघाशी तुम्ही कागद उलटा का धरला होतात?

वहिनी: उलटा होता?

डॉक्टर: पूर्ण उलटा.

वहिनी: मग आता काय लपवायचं. ऐक. मला अक्षरं दिसत नाहीत. सात महिने झाले. चित्रपट मला हे वाचून दाखवतात. ‘वजनकाटा’मधला नवरा बोटीवर यांनी पाठवला, दिग्दर्शिकेने नाही.

डॉक्टर: म्हणजे तो गेला.

वहिनी: गेला.

डॉक्टर: आणि पोस्टातले काका त्या समुद्राच्या वासावर एवढं बोलले.

वहिनी: त्यांच्या नाकाचं त्यांना माहीत. पण तुझं काय? तुला दिसतं, वाचता येतं, तू दोनदा पाहिलास. तरी माझ्या बाजूने कसा आलास?

डॉक्टर: बाई, सातवीत तुम्ही याच आवाजात विचारायचात आणि मी बाकाखाली वही शोधायला लागायचो.

वहिनी: उत्तर.

डॉक्टर: मला झोप लागते.

वहिनी: कधी?

डॉक्टर: पहिला ट्रक काट्यावर चढला की. जाग आली तेव्हा ती खोकं बांधत होती.

वहिनी: आणि आज सकाळी?

डॉक्टर: सकाळी दुसऱ्या ट्रकपर्यंत गेलो.

भाऊजी: पण मंडळ तर तुम्हीच काढलंत.

डॉक्टर: म्हणून तर कोणाला सांगता येत नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून उभा असतो, मास्तर. समोर शांत काही दिसलं की मान पडते. पण नंतरची चर्चा मला फार आवडते. कोण काय म्हणतंय, कोण का चिडतंय. त्या चर्चेसाठी मी चित्रपट झोपून काढतो.

वहिनी: किती वर्षं?

डॉक्टर: सहा.

वहिनी: आणि तो बेटावरच्या मधमाश्यांचा? त्यातल्या प्रकाशावर तू तास घेतला होतास आमचा.

डॉक्टर: प्रकाश डोळ्यांवर येत होता, त्यामुळे तेवढा लक्षात राहिला.

वहिनी: फाड ते पत्र.

डॉक्टर: फाडतो. पण बाई, एक विनंती. रविवारी मास्तरांना घेऊन या. विहीर खणणाऱ्या दोन बहिणींचा आहे. दोन तास पन्नास मिनिटं, रंग नाही, संगीत नाही. जबरदस्त आहे, असं ताई म्हणतात. मास्तर वाचत राहतील, कानावर आवाज पडत राहील, तर मीही जागा राहीन.

वहिनी: मग सगळ्यांना कळेल.

डॉक्टर: ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

वहिनी: मीच सांगेन रविवारी. तुझं तू सांग. आणि कोणी माझ्याशी हळू आवाजात बोललं तर उठून जाईन.

डॉक्टर: आपल्या मंडळात हळू कोण बोलतं? येतो मी. त्याचा जबडा बधिर झाला असेल. मास्तर, ती बोट छान होती.

भाऊजी: गेले. जिन्यात कागद फाडल्याचा आवाज आला. वहिनी, माझं चुकलं. मेंढपाळ, कोट, सगळंच.

वहिनी: त्याबद्दल मी कुठे काय म्हणतेय? ती मुकी शेजारीण मला आवडली होती. पण बोटीचं तुम्ही कंटाळून केलेलं नाही.

भाऊजी: कशावरून?

वहिनी: कडेचं दिसतं म्हटलं ना. पांढरी भिंत होती आणि भिंतीलगत खुर्च्यांची रांग. मी विचारलं, ही कुठली जागा, तर तुम्ही म्हणालात बंदर. आवाज तुमचा नव्हता तेव्हा.

भाऊजी: इस्पितळ होतं ते.

वहिनी: मला वाटलंच.

भाऊजी: ती तिथे उभी असते. काचेचं दार उघडून डॉक्टर बाहेर येतो आणि बोलायला लागतो. खाली अक्षरं आली आणि मी बघतच राहिलो. तेच शब्द, वहिनी. दादाच्या वेळी मला आत बोलावून जे सांगितलं होतं, तेच. आणि बाहेर येऊन ते तुम्हाला सांगायचं माझ्यावर आलं होतं. एकदा सांगितलं मी. पुन्हा तेच, तुमच्यासमोर, माझ्याच तोंडून... नाही जमलं. म्हणून पाठवला त्याला बोटीवर. वरची केबिन दिली. खिडकीची.

वहिनी: केवढं जपलंत.

भाऊजी: एकदा पाठवल्यावर त्याला पत्र लिहायला लावणं भागच होतं. नाहीतर तुम्ही विचारलं असतं, निरोप कसा नाही म्हणून.

वहिनी: विचारलं असतं. किती वर्षं झाली हो त्यांना?

भाऊजी: पुढच्या महिन्यात तीन.

वहिनी: लावा तो. तिथूनच.

भाऊजी: आत्ता?

वहिनी: आत्ता. आणि जे असेल ते वाचा.

भाऊजी: लावतो. पुढे घेतोय, थांबा. हं. खुर्च्या आल्या. ती उभी आहे, हातात पिशवी. दार उघडलं.

वहिनी: वाचा.

भाऊजी: डॉक्टर म्हणतो, ‘आमच्या हातात होतं तेवढं केलं.’

वहिनी: पुढे.

भाऊजी: ‘झोपेतच गेले. त्रास झाला नाही.’

वहिनी: तुम्हीही मला हेच म्हणाला होतात. त्रास झाला नाही. ते खरं होतं, की तेही तुमचंच?

भाऊजी: खरं होतं. शब्दाला शब्द, वहिनी. त्यात मी काही घातलं नव्हतं.

वहिनी: बरं.

भाऊजी: बंद करू?

वहिनी: नको. ती काय करतेय?

भाऊजी: काही नाही. मागे खुर्ची आहे, पण बसत नाहीये.

वहिनी: मी लगेच बसले होते. तुम्हीच दंडाला धरून बसवलंत. तुम्ही मात्र उभेच राहिलात, सगळे येईपर्यंत.

भाऊजी: तुमच्या लक्षात आहे?

वहिनी: तेव्हा मला नीट दिसत होतं. या, इथे बसा. मग पुढचं वाचा.