मांडी घालून बसलेला पंच

पंचाच्या अंगावर धावून जायचं आणि वर म्हणायचं, 'खेळात एवढं चालतंच'! लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला? म्हणूनच आदिलाबादला पंचांची परीक्षा घेणारं मशीन आलं, तेव्हा पंच म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. कबड्डीच्या पंचाने डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि त्यात दिसणाऱ्या भडकलेल्या खेळाडूला शांत करायचं. नापास झालात, तर जिल्ह्याचे सामने बंद.

मी शिट्टी फुंकली, ओरडलो. तो आणखी पेटला. मी नापास.

मग बेल्याचे किसनकाका उठले. तीस वर्षांचे पंच.

"काका, सांभाळा. खराच वाटते तो," मी म्हणालो.

"वाटू दे ना बाप्पा."

समोरच्या पडद्यावर आम्हाला तो गडी मूठ उगारून येताना दिसला. काकांनी सरळ खाली मांडी घातली. गावच्या सामन्यात ते असंच करतात; पंच बसला की खेळ थांबतो. पण हे मशीनला कोणी सांगितलं होतं?

मूठ खाली आली. गडी काकांसमोर गप्प उभा राहिला.

मशीन चालवणारी मुधोळची मुलगी बटणं दाबून थकली. शेवटी हळूच म्हणाली, "काका, पास झाले तुमी. पण उठा ना आता. तुमी उठल्याबिगर तो हलूनच नाही राह्यला."