मास्तरांना नाताळात काय द्यावे?

मंडळी, चित्त ठिकाणावर आणून ऐका! प्रभूच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या अनुज्ञेने आज या ठिकाणी एक आख्यान निवेदन केले जाणार आहे. या आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, लढाई नाही. एक वृद्ध गृहस्थ आहेत, एक शेजारीण आहे, आणि नाताळची एक भेट आहे. मध्यंतरी थोडे रक्त निघेल — घाबरू नये — अंगठ्यापुरतेच.

तत्पूर्वी प्रश्न! शेजारी एक म्हातारे माणूस एकटे राहते. नाताळ जवळ आला. त्यास भेट काय द्यावी?

तुम्ही म्हणाल, बुवा, एवढ्यासाठी कीर्तन कशाला? शाल द्यावी नि मोकळे व्हावे! — हां! हाच शब्द मला तुमच्या तोंडून हवा होता. मोकळे व्हावे! देणारा मोकळा होतो, हे सिद्ध आहे. परंतु घेणाऱ्याचे काय होते? घेणाऱ्याकडे आणखी एक शाल होते.

म्हणा माझ्यामागे —

देशी ज्याला भेट । पाही त्याचे दार ।
उंबऱ्याच्या पार । जाई आधी ॥

तर ऐका! चांदेगव्हाण नावाच्या गावी ख्रिस्ती आळीत पारधे मास्तर राहत असत. एलीया सदाशिव पारधे. वय वर्षे ब्याऐंशी. मिशनशाळेतून निवृत्त. पत्नी निवर्तून अकरा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक रेडिओ. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याचा उच्चार चुकला, की भिंतीपलीकडे ऐकू येई — "पुन्हा म्हण!" रेडिओ पुन्हा म्हणत नसे. मास्तरांना त्याचे वाईट वाटे.

भिंतीपलीकडे लिदियाबाई मकासरे. वय पन्नास, अंगाने मजबूत, बोलण्यात सरळ. ही बाई तिसरीत असताना तिच्या बापाने तिची शाळा सोडविली होती. तेव्हा मास्तर बापाच्या ओट्यावर जाऊन बसले. किती वेळ? दोन दिवस! बोलले काही नाहीत. बसले! तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "न्या बाबा, पण उठा!" अशा रीतीने लिदियाबाई वाचायला शिकली.

आणि दरवर्षी नाताळच्या सकाळी चर्चमध्ये प्रभुजन्माचा पाठ मास्तर वाचीत. चौतीस वर्षे! मास्तर वाचू लागले की गव्हाणीतल्या वाळल्या कडब्याचा वास येई, असे लोक सांगतात. मी तो घेतलेला नाही, परंतु लिदियाबाईंनी घेतलेला आहे. तो पाठ कानावर पडेपर्यंत त्यांचा नाताळ सुरूच होत नसे. घरात करंज्या तळून तयार — आणि बाई म्हणे, "थांबा, अजून प्रभू जन्मला नाही."

परंतु त्या वर्षी काय झाले? पोळ्यापासून मास्तर चर्चला येईनासे झाले! विचारावे तर म्हणत, "कणकण आहे." पुढे म्हणू लागले, "पाहू." 'पाहू' म्हणजे नाही, हे आपण सर्वजण जाणतो. आपल्या मुलांना आपण हेच सांगतो.

चार महिने लोटले. चर्चचे खजिनदार नथनिएलराव म्हणाले, "मास्तरांना मान पाहिजे, दुसरं काय! बॅन्ड लावा, म्हणजे येतील." पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, सौम्य माणूस. ते म्हणाले, "लिदियाबाई, नाताळला पाच दिवस राहिले. आदल्या संध्याकाळपर्यंत मास्तरांचा होकार आणा. नाहीतर यंदा पाठ नथनिएलरावांचा भाचा वाचील."

भाचा सुशील होता, त्याविषयी तक्रार नाही. परंतु वाचन असे, की पाठातले मेंढपाळ निघाले केव्हा आणि पोचले केव्हा, याचा पत्ता लागत नसे. आणि एकदा जागा गेली, की ब्याऐंशीव्या वर्षी ती पुन्हा मिळते काय? लिदियाबाई तडक घराकडे निघाल्या.

घरी येऊन त्या यजमानांस, म्हणजे दानिएलरावांस म्हणाल्या, "यंदा मास्तरांना मनापासून भेट द्यायची."

"मफलर दे."

"नऊ आहेत त्यांच्याकडे!"

"मग दहा होतील. आकडा चांगला आहे."

"अहो, त्यांच्या चपला बघितल्या का? टाच झिजून पापड झालाय. आणि चालतात कसे — निखाऱ्यावरून चालल्यासारखे! माणूस लाजेनं येत नसंल चर्चला. बूट देऊ."

"बूट घालून राग जाईल?"

"राग नाहीच मुळी! तुमच्या नथनिएलरावांच्या डोक्यात आहे राग."

मंडळी, बाईची नजर बरोबर होती. चालणे तिने पाहिले, लाजही ओळखली. फक्त दोहोंमध्ये एक पायरी चुकली. मास्तरांची चप्पल दाराबाहेर होती, तिचे माप सुतळीने घेतले, एस्टीने श्रीरामपूर गाठले, आणि काळे, नाडीचे, चकचकीत बूट घेऊन आल्या.

आता तेथील पद्धत ऐका. एकट्या वृद्धांना नाताळची भेट द्यावयाची, ती उंबऱ्यावर. सहकुटुंब उभे राहायचे, गीताचे एक कडवे म्हणायचे, प्रार्थना करायची, वस्तू हातात द्यायची, निघायचे. एकूण सहा मिनिटे. मागे दुसरे कुटुंब उभे असते. आत कोणी जात नाही. — काय ताई, आपल्या गावी निराळे आहे का? मान खाली गेली! म्हणजे निराळे नाही.

मकासरे कुटुंबाने कडवे म्हटले. दानिएलराव प्रार्थनेत फार वेळ आवाज चढवीत राहिले. मास्तरांनी खोके उघडले. बुटांकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"सुंदर आहेत," मास्तर म्हणाले.

"नाताळला घालून येणार ना?"

"पाहू."

दार लागले! खिडकीतून लिदियाबाईंनी काय पाहिले? मास्तरांनी ते बूट कपाटात नेऊन मफलरांशेजारी ठेवले. ज्याने आपल्याला अक्षर दिले, त्याने आपल्या बुटात पाय घातला नाही! त्या रात्री बाईने भाकरी अशा थापल्या, की दानिएलरावांनी जेवताना तोंडातून शब्द काढला नाही.

उजाडला नाताळचा आदला दिवस. सकाळचे आठ. नथनिएलरावांच्या घरातून भाच्याचा सराव ऐकू येतो आहे — मेंढपाळ धावत आहेत! आणि इकडे भिंतीपलीकडून दूध करपल्याचा वास.

"मास्तर! ओ मास्तर! दूध उतू गेलं!"

उत्तर नाही. मग काय करावे? हातात भेट नाही, ओठांवर कडवे नाही — बाईने दार ढकलले आणि उंबरा ओलांडला!

आत काय दृश्य? मास्तर खाटेवर बसलेले. उजवा पाय पाण्याच्या घमेल्यात. हातात दाढीचे पाते. घमेल्यातले पाणी तांबडे. बाईला पाहताच मास्तरांनी पायांवर चादर ओढली आणि वर्गातला आवाज काढला —

"बाहेर! लिदिया, बाहेर जा!"

तो आवाज ऐकून बाई दोन पावले मागे सरली. पन्नाशीची बाई! मग तिला आठवले, की आपण तिसरीत नाही. ती पुढे झाली, गॅस बंद केला, आणि चादर उचलली.

मंडळी, मास्तरांच्या पायांची नखे वाढली होती. किती? मेंढ्याच्या शिंगासारखी! जाड, पिवळी, वळून बोटांत रुतलेली. एक अंगठा पात्याने कापलेला.

लिदियाबाई खाली बसल्या. "असं कधीपासनं?"

"गेनू नाभिक होता तोवर महिन्याला यायचा, नराणी घेऊन. नखं काढायचा, दोन गोष्टी सांगायचा. तो गेला. त्याच्या मुलाच्या दुकानात फिरती खुर्ची आहे. तो म्हणाला, बाबा, आमच्याकडे चेहरा होतो, पाय होत नाहीत."

"मग तुम्ही स्वतः —"

"वाकवत नाही. आणि वाकलो तर दिसत नाही. म्हातारपणी पाय फार लांब जातात, लिदिया."

"म्हणून चर्चला आला नाही? मी बूट आणले की!"

"बूट चांगले आहेत. पण चर्चच्या दारात बूट काढतात ना?"

"काढतात."

"मग आत काय घेऊन जाऊ? मी पायरीवर उभा राहून वाचणार, मंडळी खाली सतरंजीवर. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं तोंड नसतं गं. पाय असतात."

— आत्ता चौघांनी माझ्या पायांकडे पाहिले! पाहा, खुशाल पाहा. कालच कापली आहेत. —

बाईने मास्तरांच्या हातातले पाते काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मला सांगायचं होतं. भिंतीला हाक मारली असती तरी ऐकलं असतं."

"काय सांगणार? शाल मागता येते. हे मागता येत नाही."

मंडळी, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

"पाय द्या इकडे," लिदियाबाई म्हणाल्या.

"छे! तू विद्यार्थिनी माझी. परक्या घरची बाई. लोक काय म्हणतील?"

आता आपल्याला आठवण झाली असेल, की प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले, आणि तेव्हाही एकजण असाच 'छे' म्हणाला होता. तेथे पाय धुतल्याचा उल्लेख आहे, नखांचा नाही. मी शोधला. परंतु लिदियाबाईंनी शास्त्राचा दाखला दिला नाही. त्यांनी निराळाच दिला. सांगायचे राहिले — बाईंच्या गोठ्यात सात शेळ्या!

"मास्तर, मी शेळ्यांचे खूर काढते."

"मी शेळी आहे?"

"नाही. शेळ्या गप बसतात."

मास्तर हसले! पोळ्यानंतर पहिल्यांदा! आणि हसताना चादरीवरची पकड सुटली. बाईने तेवढीच संधी घेतली.

कोमट पाणी आणले, मीठ घातले, पाऊण तास पाय भिजविले. खूर काढायची कात्री घासली, उकळत्या पाण्यात ठेवली. मग पाय मांडीवर घेतला. कट्ट! पहिले नख उडून रेडिओवर आपटले. बातम्या चालू होत्या, त्या बंद पडल्या. कट्ट! दुसरे. मास्तर डोळे मिटून बसले होते. दुखत होते काय? थोडे. परंतु डोळ्यांतून जे येत होते, ते दुखण्याचे नव्हते. अकरा वर्षांत त्या पायांना दुसऱ्या माणसाचा हात असा निवांत लागलाच नव्हता! गेनू काय तो महिन्यातून एकदा येई, आणि त्यालाही पुढच्या घरी जायची घाई.

दहा नखे, दीड तास. अंगठ्याला हळद, वर चिंधी.

"कुणाला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

"नाही सांगत."

आणि बाईने सांगितले नाही. दानिएलरावांनासुद्धा नाही, ज्यांना ती सर्व काही सांगते, नको असले तरी.

त्या संध्याकाळी मास्तर काठी टेकीत स्वतः पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "उद्या मी वाचीन." आणि नाताळच्या सकाळी ते अनवाणी पायरीवर उभे राहिले. वाचले! मेंढपाळ आपापल्या पायांनी चालत आले, वेळेवर पोचले. लिदियाबाईंचा नाताळ सुरू झाला. पाठ संपला, तरी मास्तर खाली उतरेनात.

"मंडळी," ते म्हणाले, "मी चार महिने आलो नाही. काहींना वाटले, रुसलो. रुसलो नव्हतो. माझी नखे वाढली होती आणि मला वाकता येत नव्हते. शेजारणीने काढून दिली. एवढेच."

नथनिएलरावांनी घसा खाकरला.

उपासना सुटली. अंगणात एस्तेरआजी लिदियाबाईंजवळ आली, इकडेतिकडे पाहिले, हळूच म्हणाली, "बाई… ती तुझी शेळ्यांची कात्री माणसाच्या पायाला चालती ना?" तिच्यामागे शिवणकाम करणारे थोमाबाबा. त्यांच्यामागे खुद्द खजिनदारांची आई! नऊजणांच्या घरात राहणारी! दुसऱ्या दिवशी दुपारी लिदियाबाईंच्या ओट्यावर चार म्हातारी माणसे बादलीत पाय सोडून बसली होती, आणि कोणाचीच कोणाला लाज वाटत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आख्यान संपले, गोड झाले, उठावे.

बसा!

नाताळ वर्षातून एकदा येतो. नखे दीड महिन्यात वाढतात. फेब्रुवारीत लिदियाबाई पुन्हा कात्री उकळीत होत्या. एप्रिलमध्ये पुन्हा. तेव्हा कोणी कडवे म्हटले नाही, कोणी कागदात गुंडाळले नाही. ज्या भेटीने आपण एकदाच मोकळे होतो, ती आपल्यासाठी असते. जिच्यासाठी पुन्हा जावे लागते, ती त्यांच्यासाठी असते.

तर सांगा, भिंतीपलीकडे तुमचे कोण राहते? त्याला काय मागता येत नाही? मला सांगू नका, मला ठाऊक नाही. परंतु मी हे बोलत असताना, या क्षणी, तिथे नखे वाढत आहेत. उंबऱ्यावर थांबू नका. आत जा.

हे आख्यान ज्यांनी बसून ऐकले आणि जे पुढे छापील वाचतील, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून विराम घेतो. आपला नम्र, अब्राहाम लक्ष्मण शेकटकर.